छत्री खाल्ली असेल तर आधी सांगा: पावसाळी ट्रेक नेणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरहून दर शनिवारी रात्री बसगाड्या भरून सह्याद्रीत येणाऱ्या सगळ्या संस्थांना आणि क्लबांना, आणि त्या गाड्यांमध्ये पुढच्या सीटवर बसून नावांची यादी तपासणाऱ्या लीडर मुलामुलींना मी हे पत्र लिहिते आहे. घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, पण जून लागला की माझा फोन सुरू होतो. अंगणात, कुंडीत, गोठ्यामागे उगवलेल्या छत्र्यांचे, म्हणजे मशरूमचे, फोटो येतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "मॅडम, खाता येईल का?" माझंही उत्तर ठरलेलं आहे. फोटोवरून मी कुणालाही हो म्हणत नाही.

गेल्या श्रावणात रात्री पावणेदोनला फोन वाजला. आमच्या गावच्या दवाखान्यातला डॉक्टर अकरावी-बारावीला माझ्या वर्गात होता. म्हणाला, "मॅडम, ट्रेकची चार पोरं आली आहेत. रानातल्या छत्र्या खाल्ल्यात म्हणतात. येता का?" मी रेनकोट चढवला, विजेरी घेतली, टेबलावरचे चार कोरे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि निघाले.

पोरं वीस-एकवीसची. दोघांना सलाईन लावलेलं, तिसरा बादलीवर वाकलेला. चौथा भिंतीला टेकून बसला होता आणि सारखं म्हणत होता, "मला काही नाही झालं, मी थोडंच खाल्लं." त्यांची लीडर, असेल चोवीस-पंचवीसची, ओल्या जर्किनमध्ये दाराशी उभी होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास मुक्कामाच्या वाडीमागच्या चरणीवर ह्या चौघांनी गवतातल्या छत्र्या उपटून खाल्ल्या. कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं म्हणे, पावसात गुरं चरतात तिथं "मॅजिक मशरूम" उगवतं. साडेआठला पहिली उलटी झाली. लीडरला कळलं अकराला, तेही "भजी बाधली" म्हणून. तिनं लगेच वाडीतल्या एकाची जीप काढायला लावली, ते तिनं चांगलं केलं. दवाखान्यातही पोरांनी भजीच सांगितली. छत्रीचं नाव बाहेर आलं ते सव्वा वाजल्यानंतर, चौथा पोरगा रडायला लागला तेव्हा.

एकाच्या खिशात वेफर्सच्या पाकिटात कोंबलेला छत्रीचा अर्धा तुकडा निघाला. मी तो पात्यांची बाजू खाली करून कोऱ्या कागदावर ठेवला, वरून स्टीलची वाटी उपडी घातली आणि बसून राहिले. छत्रीच्या पात्यांमधून बीजाणू खाली झडतात आणि कागदावर त्यांचा ठसा उमटतो. त्याचा रंग पांढरा, गंजासारखा तपकिरी, जांभळट काळा, काहीही निघू शकतो, आणि त्यावरून छत्री कुठल्या घराण्यातली असेल ह्याचा अंदाज बांधता येतो. पहाटे साडेपाचला वाटी उचलली. कागदावर शेवाळी हिरवी भुकटी पडली होती. हिरवे बीजाणू सोडणाऱ्या छत्र्या जगात मोजक्याच. ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. पावसाळ्यात हिरवळीवर, बागेत, माळावर सर्रास उगवणारी, मोठी, पांढरी, वर तपकिरी खवले असलेली छत्री. ती पोट पार पिळवटून काढते, पाणी कमी पडून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो, पण वेळेवर सलाईन मिळालं तर बहुतेक जण एक-दोन दिवसांत उठून बसतात. पोरं उठली. तिसऱ्या दिवशी आयांबरोबर घरी गेली.

त्यांच्या छत्रीत नशेचा अंशही नव्हता.

उलट्या सुरू झाल्यापासून डॉक्टरच्या कानावर "छत्री" हा शब्द पडेपर्यंत जवळजवळ पाच तास गेले. त्या पाच तासांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पोरं वाईट नव्हती. त्यांना लीडरची भीती होती, घरच्यांची होती, पोलिसांची होती. लीडरला संस्थेची भीती होती. आणि मी जे विष वर्गात फळ्यावर शिकवत आले, त्याच्यापुढे असे पाच तास घालवणं परवडत नाही.

त्या विषाचं नाव अमाटॉक्सिन. अमानिता, गॅलेरिना आणि लेपिओटा ह्या घराण्यांतल्या काही छत्र्यांमध्ये ते असतं. अमानिताच्या जाती आपल्या सह्याद्रीतही उगवतात. उकळून, तळून, वाळवून, फ्रीजमध्ये ठेवून हे विष जात नाही. चवीवरून ओळखूही येत नाही. ज्यांनी ह्या छत्र्या खाल्ल्या आणि जे वाचले, त्यांनी चव छान होती असंच सांगितलेलं आहे. माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण एक दशांश मिलिग्रॅम जिवावर बेततं. म्हणजे साठ किलोच्या पोराला सहा मिलिग्रॅम, जाड मिठाच्या एका खड्याएवढं. डेथ कॅप म्हणतात त्या अमानिताच्या एका मोठ्या छत्रीत त्याहून जास्त असू शकतं.

आता ह्याचं घड्याळ बघा, कारण ते तुमच्या ट्रेकच्या वेळापत्रकाशी नेमकं जुळतं. शनिवारी रात्री मुक्कामाला कुणी अशी छत्री खाल्ली तर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, काहीच होत नाही. पोरगं गड चढतं, फोटो काढतं. रविवारी सकाळी पटकीसारखे जुलाब आणि उलट्या सुरू होतात. सगळे म्हणतात, पाणी बाधलं. सोमवारी उलट्या थांबतात, तोंडाला चव येते, पोरगं ऑफिसला जायचं म्हणतं. हा सगळ्यात फसवा दिवस. आत विषानं यकृताच्या पेशींमधलं एक एन्झाइम बंद पाडलेलं असतं, आरएनए पॉलिमरेज टू. ते बंद पडलं की पेशीला नवीन प्रथिनं तयार करता येत नाहीत आणि ती मरते. मंगळवार-बुधवारी डोळे पिवळे होतात, हिरड्यांतून रक्त येतं, माणूस बरळायला लागतो. तिथून पुढे आयसीयू, आणि काहींना यकृताचं प्रत्यारोपण. तोवर ट्रेकचा व्हॉट्सअॅप ग्रुप पुढच्या शनिवारच्या गडाबद्दल बोलत असतो आणि कुणाच्या मनातही येत नाही, की ह्या पोराच्या आजाराचा गेल्या शनिवारच्या जेवणाशी काही संबंध असेल.

डॉक्टरांकडे काहीच नसतं असं नाही. सक्रिय कोळसा, एन-अॅसिटिलसिस्टीन, पेनिसिलिन, मिळालं तर सिलिबिनिन, आणि सतत द्रव देणं. पण हे जितकं लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग. आणि ते सुरू व्हायला डॉक्टरला "छत्री" हा शब्द ऐकू यावा लागतो.

आमच्या पोरांना अडीच तासांत उलटी झाली, ही जरा दिलाशाची खूण होती. पण तेवढ्यावर विसंबून मी कुणालाही घरी पाठवणार नाही. गवतातून चार छत्र्या तोडणाऱ्यानं एकाच जातीच्या चार तोडल्या असतील कशावरून? एकीनं लवकर उलटी करवली आणि दुसरी पोटात गप्प बसली, असं होऊ शकतं. म्हणून त्या रात्री डॉक्टरनं चौथ्या पोरालाही, ज्याला "काही झालं नव्हतं" त्यालाही, दाखल करून घेतलं आणि चौघांच्या यकृताच्या तपासण्या तीन दिवस रोज केल्या.

नशेची छत्री समजून मरणाची छत्री खाल्ली, असं खरोखर घडलेलं आहे. १९८१च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात व्हिडबी बेटावर तीन किशोरवयीन मुलांनी सायलोसायबी समजून गॅलेरिना खाल्ली. त्यांतली एक सोळा वर्षांची मुलगी गेली. ह्या दोन्ही छत्र्या तिकडे एकाच लाकडाच्या भुश्यावर एकमेकींना लागून उगवतात. दोन्ही लहान, दोन्ही तपकिरी. हातात भिंग आणि पुस्तक घेऊन बसलेली माणसंही चुकतात, अंधारात विजेरी लावून तोडणाऱ्या पोरांचं काय?

आपल्या देशात तर नशेचा काही संबंध नसताना लोक जिवाला मुकतात. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात, चहाच्या मळ्यांच्या भागात, रानातल्या छत्र्यांची भाजी खाऊन काही दिवसांत १३ माणसं गेली. त्यात एक सहा वर्षांचं मूल होतं. ही रानभाजी जन्मभर खात आलेली माणसं होती. ती चुकू शकतात, तर मोबाइलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ बघून आपण ओळखू, हे मनातून काढून टाका.

आता खऱ्या "मॅजिक मशरूम"बद्दल. ज्या छत्र्यांमध्ये सायलोसायबिन असतं त्यांनी यकृत सडत नाही, हे मी सरळ सांगते. तुमच्याबरोबर येणारी पोरं हुशार असतात, इंटरनेटवर वाचून येतात, त्यांना खोटी भीती घातली तर ती आपल्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास ठेवणार नाहीत. स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ साली हे द्रव्य मेक्सिकोतल्या छत्रीतून वेगळं काढलं. पोटात गेल्यावर त्याचं सायलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका ग्राहीवर जाऊन बसतं. चार ते सहा तास रंग, आवाज, वेळ, अंतर, स्वतःचं अंग, सगळ्याची जाणीव बदलते. नैराश्यावर औषध म्हणून त्याचा अभ्यास चालू आहे, आणि १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात परवानगी दिलेले मानसोपचारतज्ज्ञ इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी ते देऊ शकतात.

पण त्या अभ्यासांत काय करतात तेही सांगायला हवं. प्रयोगशाळेत तयार केलेलं, मोजलेलं द्रव्य देतात, बहुतेक वेळा २५ मिलिग्रॅम. त्याआधी आठवडे मुलाखती होतात. स्वतःला किंवा घरात आई-बाप-भावंडांना स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर घेतच नाहीत. चालू औषधं तपासतात; लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्यांना ह्या छत्र्यांनी झटके आल्याचे अनुभव नोंदलेले आहेत. आणि दिवसभर दोन प्रशिक्षित माणसं बंद, शांत खोलीत शेजारी बसून राहतात. रानातल्या छत्रीत ह्यातलं एकही नाही. एकाच शेणाच्या पोवटीवरच्या दोन छत्र्यांतही द्रव्याचं प्रमाण काही पटीनं कमी-जास्त असतं. आणि शेजारी प्रशिक्षित माणसाच्या जागी कोकणकडा असतो.

हरिश्चंद्रगडावर तुम्ही तंबू लावता ते कड्यापासून किती पावलांवर, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ज्याला अंतर कळत नाही, ज्याला दरीतलं धुकं जमिनीसारखं घट्ट दिसतं, अशा पोराला तिथं रात्री दोन वाजता कोण धरणार? मार्च २००७ मध्ये शाळेच्या सहलीबरोबर अॅमस्टरडॅमला आलेली सतरा वर्षांची एक फ्रेंच मुलगी अशा छत्र्या खाऊन उंचावरून खाली गेली. तोवर तिथं ताज्या छत्र्या दुकानात मिळत. त्यानंतर चर्चा झाली आणि १ डिसेंबर २००८ पासून नेदरलँड्सनं त्यांच्यावर बंदी घातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत कॉकपिटमधल्या जादा आसनावर बसून प्रवास करणाऱ्या, त्या दिवशी कामावर नसलेल्या एका वैमानिकानं विमानाची इंजिनं बंद पाडणाऱ्या मुठी ओढल्या. त्यानं छत्र्या खाल्ल्या होत्या दोन दिवस आधी, झोप झाली नव्हती, आणि आपण स्वप्नात आहोत असं त्याला वाटत होतं. विमानात ८० हून जास्त माणसं होती. शेजारच्या वैमानिकांनी त्याचे हात धरले म्हणून सगळी वाचली. चार-सहा तासांत उतरतं, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगते.

तुमच्यापैकी काही जण आता कोडाईकनालच्याही सहली काढता. पळणीच्या डोंगरांतल्या त्या गावांत मराठी पोरं काय शोधत फिरतात हे तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक झालं आहे. वाळवलेल्या छत्र्या किंवा मधात बुडवलेल्या छत्र्या हातोहात विकल्या जातात. मधातली छत्री बाहेर काढून तिचा ठसा घेता येत नाही, पात्या बघता येत नाहीत. ती कुठली, हे सांगणं माझ्यासारखीला जवळजवळ अशक्य असतं, आणि विकणारा जे सांगतो त्यावर पोरं जीव टाकतात.

ह्यात २०२५च्या जानेवारीपासून एक नवीन गोष्ट आली. केरळ उच्च न्यायालयानं एका जामीन अर्जावर निकाल दिला. आरोपीकडे २२६ ग्रॅम मशरूम आणि ५० ग्रॅम मशरूमच्या कॅप्सूल सापडल्या होत्या. न्यायालय म्हणालं की छत्री ही नैसर्गिक बुरशी आहे, ते मिश्रण नव्हे, त्यामुळे छत्रीचं सगळं वजन हेच अमली द्रव्याचं वजन असं धरता येणार नाही. एवढ्यावरून "मशरूम आता लीगल" असे मेसेज फिरले, मलाही तीन जणांनी पाठवले. सायलोसायबिन हे १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या अनुसूचीत होतं आणि आहे. जामिनावरचा निकाल वजन कसं मोजायचं ह्याबद्दल बोलतो, आणि यकृताबद्दल तर कुठलंच न्यायालय काही बोलू शकत नाही. हे तुम्ही तुमच्या ग्रुपवर एकदा स्वच्छ लिहा.

आणखी एक दावा हमखास येतो, विशेषतः शिकलेल्या पोरांकडून: "मॅडम, आपला सोमरस म्हणजे मशरूमच ना?" गॉर्डन वॅसन ह्या अमेरिकन बँकरनं १९६८ साली तसं मांडलं होतं. त्याच्या मते सोम म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अमानिता मस्कारिया. अनेक अभ्यासकांनी ते मान्य केलेलं नाही. ऋग्वेदातला सोम दगडांनी कुटून, लोकरीतून गाळून घेतात. ते काहीही असो, त्या लाल छत्रीत सायलोसायबिन नसतं. तिच्यात मस्किमॉल आणि आयबोटेनिक आम्ल असतं, आणि त्यांनी माणूस कधी खवळतो, कधी गाढ बेशुद्धीत जातो, कधी झटके येतात. २०२४ साली अमेरिकेत "मशरूम चॉकलेट" आणि गोळ्या खाऊन दीडशेहून जास्त लोक आजारी पडले, कित्येकांना रुग्णालयात ठेवावं लागलं. तपासात काही मालात मस्किमॉल सापडलं आणि तो माल बाजारातून परत घ्यावा लागला. परदेशातून येणारा नातेवाईक रंगीत वेष्टनातलं असं काही घेऊन आला तर हे लक्षात असू द्या.

हे सगळं वाचून तुम्ही वाडीतल्या बायांकडून अळंबी घ्यायचं बंद कराल, तर मला वाईट वाटेल. आमच्या बाजारात कातकरी आणि महादेव कोळी बाया सागाच्या पानात बांधून अळंबी आणतात. ती वाळवीच्या वारुळावर येते. वाळवी स्वतःच जमिनीखाली ती बुरशी पोसते, म्हणून ही अळंबी माणसाला शेतात पिकवता येत नाही. विदर्भात सात्या म्हणतात, गोव्यात अळमी म्हणतात, आणि तिच्या वासानं घर भरतं. मी एका आजीबरोबर पाच-सहा वर्षं रानात फिरले. त्यांचं वारूळ ठरलेलं असे. अळंबी बुडापासून हळूच ओढायच्या, मुळासारखा लांब देठ मातीतून पुरता बाहेर येतो का बघायच्या, हाताला माती कशी लागते बघायच्या, मगच पानात ठेवायच्या. एकदा मी शंभर पावलांवर तशीच दिसणारी दाखवली. त्यांनी नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "ही माझ्या ओळखीची न्हाई." तोडली नाही, लाथाडली नाही, तशीच ठेवून पुढे गेल्या. ओळख ही त्या मातीपुरती असते. आग्नेय आशियातून कॅलिफोर्नियात गेलेल्या लोकांनी पेंढ्यावरची ओळखीची अळंबी समजून तिथली डेथ कॅप शिजवल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. त्याच भागात आज आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात आणि पावसाळा झाला की ओकच्या झाडांखालून फिरतात.

चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण काळी झाली तर विषारी, किडीनं खाल्ली म्हणजे चांगली, हळद-मिठाच्या पाण्यात उकळली की विष उतरतं, तोडल्यावर निळी पडली म्हणजे नक्की मॅजिक: ह्यातलं एकही खरं नाही. त्या आजींनी ह्यातलं काहीही कधी केलं नाही.

माझं मागणं मोठं नाही. तुम्ही गाडी सुटल्यावर दारूबद्दल, कचऱ्याबद्दल, कड्याजवळ सेल्फी काढण्याबद्दल सांगता. त्यात एक वाक्य घाला: रानातलं काहीही तोंडात घालायचं नाही, आणि कुणी घातलंच असेल तर रात्री कितीही वाजता लीडरला उठवायचं, लीडर रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य अगदी ह्याच शब्दांत म्हणा, आणि तसंच वागा. संस्थेच्या चालकांनी लीडरला हाच शब्द द्यायला हवा. २०२१ साली राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, नोंदणी आली, प्रथमोपचाराच्या पेटीची यादी आली. पण ज्या लीडरला आपली संस्था आपल्यालाच दोष देईल अशी धास्ती आहे, तिच्या हातात कितीही भरलेली पेटी दिली तरी ती फोन करायला उशीर करेल.

प्रसंग आलाच तर उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका, लिंबू, दूध, ताक देऊन उतरायची वाट बघू नका. किती वाजता खाल्लं ते मनगटावर पेनानं लिहा, कारण सगळा उपचार त्या वेळेवर चालतो. उरलेली छत्री, तिचा देठ, मातीतला खालचा फुगीर भाग, सगळं कागदात गुंडाळून आणा. प्लास्टिकमध्ये ती तासाभरात घामेजून कुजते. तोडून झालेली असेल तर जागेचा फोटो काढा, आणि उलटीतले तुकडेही डब्यात आणा, लाजू नका. ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना आणा, ठणठणीत असलेल्यांनाही. १०८ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, तिथं डॉक्टरही विचारू शकतात. भ्रमात असलेल्या पोराशी वाद घालू नका, बांधू नका. कड्यापासून, पाण्यापासून, चुलीपासून लांब, अंधाऱ्या शांत जागी घेऊन दोघं जण त्याच्या दोन्ही बाजूंना बसा आणि मदत येईपर्यंत उठू नका.

दवाखान्यात विषबाधेची नोंद एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, म्हणून होते, पोलिसांना कळतं. हे लपवून मी तुमची समजूत काढणार नाही. नोंद होऊ दे. आमच्या चौघांचीही झाली. हवालदार सकाळी आले, जबाब घेतले, आणि जाताना सगळ्यात धाकट्याला म्हणाले, "आईला फोन केलास का?"

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा मोठा संग्रह आहे, तिथं आयुष्य ह्याच कामात घातलेली माणसं आहेत. पण डोंगरातली रात्र तिथवर थांबत नाही, म्हणून घाटाखालच्या प्रत्येक तालुक्यात निदान एक तरी माणूस असा हवा, ज्याला दवाखान्यातून फोन गेला तर तो कागद आणि वाटी घेऊन येईल. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक तुम्हाला गावोगावी सापडतील. त्यांना शोधा, त्यांचा नंबर लीडरच्या यादीत लिहा.

मी स्वतः यायला तयार आहे. मेच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आत, तुमच्या लीडरना एका दिवसासाठी एकत्र बोलवा. मानधन नको, राहायची सोय नको, एसटीनं येईन. त्या रात्रीचा हिरव्या ठशाचा कागद मी जपून ठेवला आहे, तो दाखवीन. येताना प्रत्येकानं घरून एक स्टीलची वाटी आणावी.

तुमची,
तालुक्याच्या कॉलेजातली निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका